आधी कापड, मग कात्री

(प्रभागसंघाच्या सभेत शिवणकाम करणाऱ्या गटांसमोर आपल्या एका गटातल्या ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच उतरवून घेतलं आहे.)

ताई, काकू, मावश्या, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या सुनांनो, पुढं या, जागा आहे.

मला सांगितलंय की ऐतिहासिक पोशाखांच्या शिलाईवर बोला. गटातल्या बऱ्याच जणी ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवतात. गणवेशाचं काम जूनमध्ये येतं आणि जुलैत संपतं. ब्लाऊजचं लग्नसराईत. मधले महिने मशीनवर कापड झाकून ठेवायचं. पण आपल्या सातारा-सांगलीत एक काम असं आहे की ते वर्षभर पुरतं, आणि त्याचे कपडे अजून आपण शहरातल्या भाड्याच्या दुकानातून आणतो.

तारखाच मोजा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, म्हणजे शाळाशाळांतून पाच-पन्नास छोट्या सावित्री. त्याच सुमाराला स्नेहसंमेलनं. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. ६ जूनला राज्याभिषेक दिन. १५ ऑगस्टला प्रभातफेरी, त्यात क्रांतिसिंह नाना पाटील हवेतच. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, आणि तो तर सांगलीचाच, कारण विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, १८४३ साली. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला प्रतापगडावर शिवप्रताप दिन. यात गावची जत्रा, नवरात्र, मंडळांचे देखावे मी धरलेच नाहीत.

आता काम कुठून सुरू करायचं? बहुतेक जणी दुकानातून सुरू करतात. दुकानदार म्हणतो, ताई, हे सॅटिन बघा, भगवं आहे, चमकतंय, स्वस्त आहे. तागा उचलला की संपलं. माझं म्हणणं, दुकानात शेवटी जा. आधी ठरवा की पोशाख कुणाचा, घालणार कोण, किती वेळा घालणार, आणि धुणार कोण.

कुणाचा, हे ठरवायला चित्र बघावं लागतं. टीव्हीवरची मालिका बघून बेतू नका; तिथं मावळ्याच्या अंगावरही जरी असते. आपल्याकडं बघायला जागा आहेत. साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. औंधला, खटाव तालुक्यात, पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, तिथं मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं आहेत. गटाची सहल काढायचीच असते ना दरवर्षी? एक वर्ष देवाला गेलो, एक वर्ष औंधला जाऊ. यमाईचं दर्शनही होतंय. चित्रासमोर उभं राहून नऊवारीचा काष्टा कसा मारलाय, पदर कुठून घेतलाय, अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूला आहेत, हे वहीत पेन्सिलनं काढून घ्या. चित्र चांगलं यायची गरज नाही. बाण काढून ‘इथं बंद’, ‘इथं कळी’ एवढं लिहिलं तरी पुरे.

सावित्रीबाईंचं उदाहरण घेऊ. त्या आपल्याच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जन्म १८३१ चा. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवलं. शाळेत जाताना लोक शेणगोळे मारायचे म्हणून जादा लुगडं बरोबर न्यायच्या, हे आपल्या पोरींना पाठ आहे. आणि त्याच पोरीला आपण ३ जानेवारीला झगमगीत सॅटिनची काठाची साडी नेसवून उभी करतो. अहो, शेण लागलं तर धुऊन दुसऱ्या दिवशी परत नेसता येईल असं ते लुगडं होतं. सुती होतं. कपाळाला मोठं कुंकू, पदर दोन्ही खांद्यांवरून, आणि साधी चोळी. एवढं जमलं की पोरगी सावित्रीबाई दिसते.

आणि यासाठी नवीन कापड लागतच नाही. मोठ्या बाईला नऊ वार लागतं, म्हणजे सव्वाआठ मीटर. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला जुनी साडेपाच मीटरची सुती साडी पुरते. गटात दहा बायका असतील तर दहा जुन्या इरकली किंवा सुती साड्या निघतील. पुढचा काष्टा आणि निऱ्या शिवून कमरेला इलास्टिक घालायचं, मागचा काष्टा बसवून टाकायचा, पदर मात्र मोकळा ठेवायचा. पोरगी दोन मिनिटांत तयार. फक्त आजीचं लुगडं न विचारता कापू नका. त्यावरून घरात होणारी भांडणं गटाच्या बैठकीत मिटत नाहीत.

साधा कपडा शिवणं अवघड असतं, हे मी मुद्दाम सांगते. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील तुम्हाला माहीत असतील. १९४३ सालची गोष्ट. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. खराखुरा मार खाल्ला. पोलीस सोडवायला धावले आणि तोवर सोबत्यांनी ठाण्यातल्या बंदुका पळवल्या. वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, म्हणून तर नाव ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’. आता ही गोष्ट नाटुकलीत करायची तर हौसाताईंना कोणता पोशाख द्याल? पोलिसांना संशय येऊ नये असा. रस्त्यानं जाणाऱ्या कोणत्याही बाईचा. म्हणजे वापरलेलं, रंग जरा उतरलेलं, सुती लुगडं. ते घडीचं, कडक इस्त्रीचं दिलंत तर सगळी गोष्टच बिघडली.

आता मावळा. मागणी सगळ्यात जास्त त्याचीच. बाराबंदी, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला मुंडासं, आणि खांद्यावर घोंगडी. बाराबंदीला बारा बंद, म्हणून ते नाव. मला ही बाराबंदी फार आवडते, शिवणारीच्या सोयीची आहे. तिचे तुकडे बहुतेक सरळ. गोल मुंढा कापून कापड वाया घालवायचं नाही. बगलेत चौकोनी तुकडा, चौबगला, लावायचा म्हणजे हात वर केला तरी शिलाई उसवत नाही. पोवाड्यावर नाचणारी पोरं हात वरच करतात! आणि हूक नाही, चेन नाही, बटण नाही. बंद आवळला की बारीक पोराला बसते, सैल सोडला की जाड्या पोराला. भाड्यानं द्यायच्या कपड्याला याहून सोयीचा बेत मला माहीत नाही. एका मापात दोन-तीन वर्षांची पोरं निघतात. मापं वयावरून घेऊ नका, छातीवरून घ्या: २४, २८, ३२, आणि मोठ्यांसाठी ३८, ४२. आत दीड इंच माया ठेवा, खाली तीन इंच दुमड. पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं.

कापड मांजरपाट किंवा जाडसर सुती. विट्याला, इचलकरंजीला मागावरून उतरलेलं मिळतं, तागा घेतला तर परवडतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बाराबंदीला दीड मीटर आणि सुरवारीला दीड मीटर धरा. म्हणजे दहा मुलांना तीस मीटर पांढरं. शेल्याला अडीच मीटर रंगीत कापड घेऊन उभं फाडलं की दोन शेले. मुंडाशाला तीन मीटर उभं फाडलं की दोन मुंडाशी.

पण तीस मीटर लागतं म्हणून तीसच आणू नका. कोरं कापड आटतं. आणल्याबरोबर वीस इंच लांब, वीस इंच रुंद तुकडा कापा, रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवा, परत मोजा. एकोणीस इंच भरला तर वीस इंचाला एक इंच गेला. मोठ्या माणसाच्या अठ्ठावीस इंच उंचीच्या बाराबंदीत तो जवळजवळ दीड इंच होतो. गिऱ्हाईक पहिल्या धुण्यानंतर म्हणतंय, ताई आखूड शिवलाय. म्हणून अख्खं कापड आधी पाण्यातून काढायचं, आणि हे काम मे महिन्यात उरकायचं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडं चार-चार दिवस कापड वाळत नाही, वास लागतो, काळे ठिपके पडतात. मेमध्ये धुऊन वाळवून घडी घालून ठेवलं की पावसात निवांत शिवत बसता येतं. लाल आणि गर्द निळ्याचं एक टोक ओलं करून पांढऱ्या चिंधीवर घासा. रंग लागला तर ते कापड वेगळं धुवा, नाहीतर दहा बाराबंद्या गुलाबी होतील आणि मावळे होळी खेळून आल्यासारखे दिसतील.

पहिला कपडा कधीही चांगल्या कापडाचा कापू नका. जुन्या चादरीचा एक कच्चा शिवा, एका पोराला घाला, त्याला म्हणावं पळ, खाली बस, तलवार फिरव. जिथं ताणलं जातं तिथं खडूनं खूण करा. मग तोच कच्चा कपडा उसवून त्याचे तुकडे कागदावर उतरवून घ्या. तो कागद गटाच्या मालकीचा. एक बाई आजारी पडली तरी दुसरी त्यावरून कापू शकते.

आता घोंगडीकडं येते. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार.

भाड्याच्या दुकानात मावळ्याच्या खांद्यावर काय देतात? काळी शाल. ॲक्रिलिकची. आपल्या माण तालुक्यात, म्हसवडला, घोंगडी विणणारे सणगर आहेत. आटपाडी, जत, कवठेमहांकाळला धनगरांचे वाडे आहेत, मेंढरं आहेत. दख्खनी मेंढीची लोकर जाडी, भरड, टोचते, पण पाणी लवकर आत घेत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. काळी, पांढरी, करडी, सगळे रंग मेंढीच्या अंगचे, रंगवायला लागत नाहीत. आणि आज परिस्थिती अशी की कातरलेल्या लोकरीला कित्येकदा गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरी निघत नाही म्हणून लोकर उकिरड्यावर जाते. सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या बायका कमी झाल्यात, आणि विणकराची पोरं मागावर बसत नाहीत. का बसावं त्यांनी? वर्षाला चार घोंगड्या खपल्या तर घर चालतंय का?

आता हिशोब करा. एका गटानं मावळ्याचे वीस पोशाख केले तर वीस घोंगड्या. चार गटांनी केले तर ऐंशी. विणकराला एकदम ऐंशी घोंगड्यांची मागणी म्हणजे दोन-चार घरांचं काम. आणि शेजारच्या तालुक्यातली बाई सूत कातते, आपण शिवतो, पैसा आपल्याच भागात फिरतो.

मात्र घोंगडी कापायची नाही. एक तर मोठी माणसं नाराज होतात; ज्या घरात बिरोबाच्या, खंडोबाच्या कार्याला घोंगडी अंथरतात तिथं तिला कात्री लावलेली आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुसरं म्हणजे हातविणीचं लोकरीचं सूत कापल्या कडेला सुटत जातं. म्हणून लहान मुलांसाठी विणकरालाच लहान मापाची विणायला सांगा. मुलाच्या खांद्यापासून पोटरीपर्यंत दोरी मोजून न्या, ती दाखवा. आणि मागणी पावसाळ्याआधी द्या. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ती उन्हात वाळावी लागते. दिवाळीत जाऊन जानेवारीत वीस नग मागितले तर तो बिचारा कुठून देणार? हातमागाला आपल्या घाईचं काही देणंघेणं नसतं.

घरात फाटकी घोंगडी असेल तर तिचा चांगला भाग जरूर वापरा. कापायच्या आधी दोन्ही बाजूंना मशीनची एकेक शिलाई मारा, मग मधून कापा, कडेला सुती कापडाचा गोट लावा. सुई सोळा किंवा अठरा नंबरची, टाका मोठा, पाय हलका. घोंगडी नुसती खांद्यावर टाकली की पोरगं पहिल्याच उडीत ती स्टेजवर सोडून जातं. शेल्याच्या आतून चार टाके घालून अडकवा. मानेला टोचू नये म्हणून खांद्याच्या भागाला आतून मांजरपाटाची पट्टी लावा. पावसातला मावळा दाखवायचा असेल तर शिवायलाच नको, घोंगडीची खोळ करून डोक्यावर द्या. आपले आजोबा भात लावताना तशीच घ्यायचे.

धुताना गरम पाणी नको, चोळणं नको, वॉशिंग मशीन तर नकोच. लोकर आटते, घट्ट होते, परत सुटत नाही. थंड पाण्यात बुडवून, पिळायची नाही, खाटेवर आडवी पसरून वाळवायची. आणि दर वेळी धुवायचीही गरज नसते. झटकून उन्हात टाकली तरी पुरते. पेटीत ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला, नाहीतर कसर लागते. दोन महिन्यांतून एकदा ऊन दाखवा.

लोकरीचा फेटेवाला हवाच असेल तर कर्मवीर भाऊराव पाटलांचा पोशाख करा. खादी, दाढी, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली कराडजवळ काल्याला काढली. आज त्यांच्या शाळा आपल्या गावागावात आहेत, म्हणजे गिऱ्हाईक दारातच. फेटा मात्र सुतीच बांधा, लोकरीचा मी थट्टेनं म्हटलं.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, ते लिनन लिनन म्हणतात ते वापरायचं का? महाग असतं का? तर लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या सालीचं सूत. आपण जवसाची चटणी करतो, तेच जवस, पण सुतासाठी उंच वाढणारी जात लावतात, ती जास्त करून युरोपात. आपल्या मावळ्यांनी, सावित्रीबाईंनी ते घातलेलं नाही. आपलं कापड कापसाचं. मग लिनन लागतं कुठं? राज्याभिषेकाच्या नाटकात. १६७४ साली रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता, तो नजराणा देताना मंडळी हमखास दाखवतात. त्याचा कोट लोकरीचा आणि आतला सदरा लिननचा. लिनन सुतीच्या कितीतरी पट महाग, म्हणून अख्खा सदरा लिननचा करू नका. कोटाबाहेर दिसतं ते गळ्याचं आणि मनगटाचं कापड. तेवढं लिननचं, आतलं धड मांजरपाटाचं. लिननही आधी पाण्यातून काढा, ते पहिल्या पाण्यात आटतं, आणि इस्त्री ओलसर असतानाच करा, वाळल्यावर सुरकुत्या जात नाहीत. कोटाला लोकरमिश्रित सुटिंगचा शिल्लक तुकडा किंवा घरातला जुना फौजी कांबळा चालतो. आपल्याकडं फौजी नसलेलं गाव दाखवा! पण ६ जूनच्या उकाड्यात तो घालणारा पोरगा घामानं निथळतो, तेव्हा पाठीला अस्तर लावू नका. असा पोशाख गटाकडं एक असला की पुरे. वकील एकच आला होता.

आता पैशाचं. समजा सॅटिनचा मावळा चारशे वीस रुपयांत होतो आणि सुती, दुहेरी शिलाईचा सातशेत. घोंगडी वेगळी धरू, ती पंधरा-वीस वर्षांची वस्तू आहे. भाडं शंभर. त्यातून धुणं-इस्त्री वीस आणि डागडुजी दहा काढली की सत्तर राहतात. सॅटिनचे पैसे सहा वेळा भाड्यानं गेल्यावर सुटतात, सुतीचे दहा वेळा. सॅटिन बरं वाटतंय ना? पण ते आठव्या वेळेला बगलेत उसवलं, सुतं सुटली, म्हणजे त्यानं एकूण मिळवून दिले एकशे चाळीस. सुती पंचवीस वेळा गेला तर सातशे सुटून वर एक हजार पन्नास. हे आकडे माझे नका धरू, तुमच्या बाजारभावानं तुमच्या वहीत मांडा. फक्त मांडताना एक रकाना विसरू नका: आपली मजुरी. ती सातशेत धरली आहे का? बायका कापड, दोरा, बंद, सगळं लिहितात आणि स्वतःचे चार तास लिहीत नाहीत. मग वर्षाअखेर म्हणतात नफा झाला. तो नफा नाही, ती तुमची न घेतलेली मजुरी आहे. गटाचं अंतर्गत कर्ज काढून कापड आणलं असेल तर व्याजाचाही रकाना हवा.

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कापड आणायचं नाही. आमच्या गटाला एका शाळेनं चाळीस पोशाख तोंडी सांगितले आणि आठ दिवस आधी नको म्हणाले. पोशाख पुढं खपले, पण तो महिना हप्त्याला फार ओढाताण झाली. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी, आणि भाड्याच्या कपड्याला अनामत, सरपंचांची नात असली तरी. कपडा परत आला की घेणाऱ्यासमोर बंद मोजायचे. बारा म्हणजे बारा. पोरं ओढून तोडतात, म्हणून बंदांचं एक जादा बंडल शिवून ठेवा.

कुठल्या महिन्यात काय, हे वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीत ठरवून भिंतीवर लावा. एप्रिलमध्ये चित्रं आणि मापं, घोंगडीची मागणी. मेमध्ये कापड आणून धुणं. जून-जुलैत गणवेशांची घाई असते, तेव्हा फक्त बंद, गोट, शेल्याच्या दुमडी अशी बसल्या-बसल्या होणारी कामं, सासूबाईही करतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर मुख्य शिलाई. नोव्हेंबरात शाळांच्या मुख्याध्यापकांना नमुना नेऊन दाखवायचा. फोटो दाखवू नका, कपडा हातात द्या. सुती आणि लोकर हाताला लागली की सॅटिनचा विषय ते स्वतःच काढत नाहीत.

बास. मी तीन मापांचे कच्चे कपडे आणि घोंगडीचा एक लहान नमुना आणला आहे. जेवणानंतर त्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं, खडू आणि टेप ठेवलाय. ज्यांना बाराबंदीचा कागद उतरवून घ्यायचा आहे त्यांनी थेट तिकडंच या, आणि मापाला एखादं पोरगं बरोबर आणा, अंगणात भरपूर खेळतायत.